काचीगुड्याचे रहीम मास्तर

मंडळी, २०२४ साली 'मैदान' सिनेमा आला आणि बऱ्याच जणांना रहीमसाहेब पहिल्यांदा कळले. सिनेमा फेडरेशनच्या राजकारणात जास्त रमलाय, त्यात आपला हैदराबादी मास्तर थोडा मागे पडतो. म्हणून हे लिहितोय.

सय्यद अब्दुल रहीम १९०९ चे, इथलेच. उस्मानियाच्या संघातून खेळले, बी.ए. झाले आणि शाळेत शिकवायला लागले. आधी आपल्या काचीगुड्याच्या मिडल स्कूलला, पुढे चादरघाटला. खेळाडू म्हणून चांगलेच, पण नाव झालं ते शिकवण्यानं. १९४३ पासून अखेरपर्यंत हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी होते.

पोरांसाठी त्यांनी काढलेल्या स्पर्धा बघा. एकीत ड्रिबलिंगला बंदी, दुसरीत फक्त कमजोर पायानंच खेळायचं. चेंडू पायाशी धरून बसायची सोयच नाही, पास द्यावाच लागतो. आणि डावा पाय नुसता शोभेला राहत नाही. अस्सल मास्तरकी ही! याच शिस्तीतल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते ५४ सलग पाच वर्षं मुंबईत जाऊन रोव्हर्स कप आणला. मुंबईच्या पाहुण्यांना ऐकवायला हा आकडा पाठ असू द्या.

१९५१ ला दिल्लीच्या एशियाडचं सुवर्ण मिळालं. पण १९५२ ला हेलसिंकीत, बहुतेक पोरं अनवाणी, युगोस्लाव्हियानं १०-१ नं झोडपलं. चार वर्षांनी मेलबर्नला पुन्हा तोच युगोस्लाव्हिया, यावेळी उपांत्य फेरीत. हरलो ४-१ नंच, पण पहिला गोल आपला होता, गोंयकार नेव्हिल डिसोझाचा. त्याआधी ऑस्ट्रेलियावर त्यानं हॅट्ट्रिक केली होती. भारत चौथा आला.

मग १९६२, जकार्ता. प्रेक्षक आपल्या विरोधात, बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके. रहीमसाहेबांनी त्याला बसवला नाही, उलट पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवला. फायनलमध्ये एक गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा जर्नेलचा. दक्षिण कोरिया २-१ नं हरला. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ ला, कॅन्सरनं मास्तर गेले. तेव्हापासून एशियाडचं फुटबॉल सुवर्ण आपल्याकडे आलेलं नाही.

काचीगुडा किंवा चादरघाटच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणाच्या घरात असेल, आजोबा, मामा, कुणीही, तर त्यांना विचारून इथे लिहा. जुना ग्रुप फोटो असेल तर तोही टाका. ती पिढी आता नव्वदीच्या घरात आहे.