गिरणगावातला रविवारचा रस्सा

रविवार खंडोबाचा वार, म्हणून गिरणगावात त्या दिवशी मटण, असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य लागतो तो वांग्याच्या भरिताचा नि रोडग्याचा. खरं कारण वेळ हे असावं. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कांदा-खोबरं भाजायचं, पाट्यावर बारीक वाटायचं, मटण मंद आचेवर शिजू द्यायचं. भोंग्याच्या धाकात हे कसं जमणार? पैशाची अडचण होती, हेही खरंच. पण पैशाने ठरवलं ते ताटात किती फोडी पडणार एवढंच. वार ठरवला सुट्टीने. उरलेल्या दिवशी भाकरी-कालवण, तेही घाईघाईत.