तळटीप : कडधान्यांचे ग्रॅम आणि वाटी

१. मूळ आवृत्तीत कडधान्ये ग्रॅममध्ये दिली होती. येथे वाटीचे मापही जोडले आहे. वाटी म्हणजे २०० मिलिलिटर, सपाट भरलेली. प्रत्येक कडधान्याला वेगळा आकडा हवा, हा आग्रह रास्त आहे, पण कोरड्या दाण्यांत फरक थोडाच पडतो. वाटीत मूग सुमारे १७० ग्रॅम मावतात, हरभरे १६५ आणि राजमा १५५, कारण त्याचे लांबट, बाकदार दाणे एकमेकांत नीट बसत नाहीत. एवढ्या फरकाने उसळ बिघडत नाही. ती बिघडते दाणे कोरडे की भिजवलेले, हे न सांगितल्याने. रात्रभर भिजलेले हरभरे वजनाने जवळजवळ दुप्पट होतात, म्हणून भिजल्यावर मोजलेल्या वाटीत कोरडे हरभरे निम्म्याहूनही कमी असतात. यावर तराजू हाच उपाय, असे कोणी म्हणेल. पण दाण्यात शिरलेले पाणी तराजूही वेगळे काढत नाही.

वाट्या घरोघरी लहानमोठ्या असतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरीही डाळीला पाणी दुप्पट की तिप्पट, हे त्याच वाटीने मोजले की प्रमाण टिकते. मीठ-मसाला मात्र चमच्याने पडतो, तिथे वाटीचा आकार नडतो. म्हणूनच २०० मिलिलिटरचा आधार आवश्यक ठरला. यापुढे ‘भिजवलेले’ असे लिहिले नसेल तेथे माप कोरड्या दाण्यांचेच समजावे.