परसातील पाहुणे आणि घरचे

श्रोतेहो, घराच्या मागल्या दारी चार वाफे करून भाजीपाला लावावा, असा विचार आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येत असेल. त्यांना मी आज थोडा इतिहास सांगणार आहे. परसबाग आणि इतिहास यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु इतिहास केवळ गडकोटांत राहत नाही. तो मागील दारच्या मिरचीच्या रोपातही राहतो, आणि त्याची ओळख असली तर बागेची आखणीही अधिक चांगली साधते.

प्रथम आपल्या जुन्या घरांचे परसच पाहा. ते वरकरणी अस्ताव्यस्त दिसे. पण त्यात मोठी योजना होती. न्हाणीचे पाणी पाटाने अळूपर्यंत आणि केळीच्या बुंध्याशी नेलेले असे. विहिरीच्या बाजूला कढीलिंब, कुंपणापाशी शेवगा, आणि पावसाळा सुरू झाला की मांडवावर पडवळ, दोडकी, कारली चढत. जून दुधीभोपळा वाळवून आढ्याला टांगलेला असे. पुढील वर्षाचे बी त्याच्या पोटात सुरक्षित राही. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे पाहूनच झाडाची जागा ठरे. आखणीचा हा पहिला धडा होय. मात्र आजच्या न्हाणीत शिकेकाईऐवजी साबणाची पूड असते. तेव्हा ते पाणी केळीला चालले, तरी पालेभाज्यांवर घालू नये.

वांगे, पडवळ, कारले, तोंडली, अळू, आले, हळद ही मंडळी या परसात फार जुनी. पण त्यांच्या शेजारी जी इतर मंडळी नांदतात, ती केव्हा आली? इ. स. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५०० मध्ये काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला. ब्राझील आणि गोवा ही एकाच सत्तेची दोन टोके झाली, आणि त्या वाटेने अमेरिकेतील झाडे आपल्याकडे येऊ लागली. मिरची, काजू, अननस, पपई, पेरू, सीताफळ, रताळे, बटाटा, मका, टोमॅटो, तांबडा भोपळा, श्रावणघेवडा ही सर्व मुळात अमेरिकेची. कोणी लवकर आले, कोणी बऱ्याच उशिरा.

याची साक्ष आपली भाषाच देते. काजू आणि अननस हे शब्द ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचे. पोर्तुगिजांच्या तोंडून ते आपल्याकडे आले. बटाटा त्याच वाटेने आला आणि कोबी हा शब्द तर पोर्तुगिजांचाच. मिरचीला मात्र आपण आपल्या जुन्या मिऱ्यावरून नाव दिले. सीताफळाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या फळाला आपल्या आयाबायांनी थेट सीतेचे नाव दिले आणि त्याच्या भावंडाला रामाचे! यापेक्षा मोठे स्वागत ते कोणते? उपवासाचे ताट पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंदही अमेरिकेचाच.

या काळात दोघा परदेशीयांनी येथील झाडांचे लेखन करून ठेवले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि त्याने येथील वैद्यांकडून वनस्पतींची माहिती मिळवली. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते, आणि तेथील आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, असे तो कौतुकाने लिहितो. दुसरा लिनशोटेन हा डच तरुण. तो १५८३ पासून काही वर्षे गोव्यात होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात अननस, काजू आणि पपई यांची वर्णने आहेत.

ओर्ताच्या चरित्राचा शेवट मात्र दुःखद आहे. त्याचे घराणे मूळचे यहुदी. १५६८ मध्ये तो वारला. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता, असे ठरवून १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी थडग्यातून काढून जाळल्या. आम्हां ख्रिस्ती लोकांनी ही गोष्ट झाकून ठेवू नये. ज्या भूमीने दूरदेशीची झाडे पोटाशी धरली, त्याच भूमीवर सत्ताधाऱ्यांनी माणसाचे मूळ शोधून त्याला परका ठरवले. आपला कोण आणि उपरा कोण, असा वाद ज्या ज्या गावी निघतो, तेथे परसातील मिरचीला साक्षीस बोलवावे.

आता हा इतिहास वाफ्यात कसा उतरवावा? वांगे येथले, तर टोमॅटो, मिरची आणि बटाटा पाहुणे. पण ही चौघे एकाच कुळातील आहेत. त्यांचे रोगही पुष्कळसे एकच. म्हणून वांग्याच्या वाफ्यात पुढील वर्षी टोमॅटो किंवा मिरची लावू नये. मर रोग मातीत टिकून राहतो. तेथे चवळी किंवा घेवडा लावावा. शेंगांची ही कुळे जमिनीचा कस राखतात. पपई, शेवगा अशी उंच झाडे उत्तरेच्या कडेला लावावीत, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेल्या सूर्यामुळे त्यांची सावली वाफ्यांवर पडणार नाही. पावसाळ्यात मांडवावरचे वेल, थंडीत मुळा, मेथी, कोथिंबीर, वांगी, आणि उन्हाळ्यात भेंडी, गवार, माठ, असा वर्षाचा क्रम आधी कागदावर लिहून काढावा आणि मगच कुदळ हाती घ्यावी.

हे केवळ हौसेचे काम नव्हे. १९६५ मध्ये अन्नटंचाईच्या दिवसांत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली आणि आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवला. टंचाईचे ते दिवस गेले. आता नवी अडचण आहे ती अशी की परसावर सिमेंट पसरले आहे आणि बी दरवर्षी दुकानातून येते. आढ्याला टांगलेला दुधी गेला, तसे गावोगावचे वाणही जाऊ लागले आहेत. म्हणून प्रत्येक भाजीचे एक उत्तम फळ खाण्याचा मोह टाळून बियाण्यासाठी राखावे. आपल्या पूर्वजांनी पाहुण्याला घरचे केले. निदान घरच्यांना तरी आपण परके होऊ देऊ नये, इतकेच सांगून आपली रजा घेतो.