मांजर : लाळ गळणे

पाळीव मांजराच्या तोंडातून लाळ ओघळणे किंवा थेंबाथेंबाने टपकणे. अनेक जातींच्या कुत्र्यांत नेहमी दिसणारी ही गोष्ट मांजरात विरळ असते आणि तिचा अर्थ लावताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. मांजराचे ओठ घट्ट मिटतात. कानाखाली, जबड्यात, जिभेखाली आणि गालात असलेल्या ग्रंथींतून सतत पाझरणारी लाळ ते नकळत गिळत राहते. उरलेली लाळ अंग चाटण्यात खर्च होते. मांजराच्या जिभेवरच्या काट्यांची टोके पोकळ असून ती लाळ उचलून थेट केसांच्या मुळाशी पोहोचवतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले. म्हणजे लाळ बाहेर दिसू लागली की दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते : गिळता येईल त्याहून जास्त लाळ तयार होत असते, किंवा लाळ नेहमीइतकीच असूनही गिळणे थांबलेले असते. घरोघरी फक्त पहिल्या शक्यतेचा विचार होतो. मांजराच्या बाबतीत दुसरी शक्यता अधिक बोलकी आहे आणि तिकडे दुर्लक्ष झाल्यानेच बरेच आजार उशिरा कळतात, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

सर्वांत निरुपद्रवी प्रकार लाडाचा. मांडीवर घुरघुरत, पुढच्या पंजांनी कणीक तिंबल्यासारखे करत मांजर पडून राहते आणि त्याची हनुवटी ओली होते. पिल्लू आईच्या आचळांना लुचताना अशीच हालचाल करते. दूध तोंडात येण्याशी तिचा संबंध असल्याने मोठेपणीही तिच्यासोबत लाळ सुटते, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. पण ते पुरेसे नाही. विसाव्याच्या अवस्थेत ज्या परानुकंपी चेतातंतूंचा जोर असतो, तेच लाळही वाढवतात. शिवाय सैलावलेले, पेंगुळलेले मांजर कमी वेळा गिळते. यावर आक्षेप असा, की मग लाळ गळणारे प्रत्येक मांजर सुखीच का मानू नये? कारण घुरघुर हा सुखाचा खात्रीचा पुरावा नाही. दुखणाईत आणि घाबरलेली मांजरेही घुरघुरतात. भेद करायचा तो काळावरून. लाडाची लाळ लहानपणापासूनची सवय असते, स्वच्छ असते आणि मांजर उठून गेले की थांबते. पाच-सहा वर्षे कोरड्या तोंडाने घुरघुरणारा बोका एकाएकी लाळ गाळू लागला, तर त्याला अधिक प्रेम वाटू लागले असे समजू नये.

बहुतेक वेळा कारण तोंडातच सापडते. हिरड्या आणि घशाचा जुनाट दाह, हिरडीच्या कडेला दात आतून झिजत जाणे, कॅलिसी विषाणूमुळे जिभेवर पडणारे व्रण, मूत्रपिंडे निकामी होत आल्यावर उठणारे तोंडातले फोड. या सगळ्यांत गिळणे दुखते म्हणून लाळ साचते. ती घट्ट, दुर्गंधी, कधी रक्ताने तांबूस असते. मासळीवर वाढणाऱ्या पनवेलच्या मांजरांत टाळूत किंवा दाढेत रुतलेला काटा हेही कारण विसरून चालत नाही. जिभेच्या मुळाशी अडकलेला सुई-दोरा त्याहून वाईट. दोऱ्याचे दुसरे टोक आतड्यापर्यंत गेलेले असू शकते, म्हणून तो कधीही ओढायचा नसतो. ‘पण ते खातंय ना, मग दुखणं कसलं?’ हा नेहमीचा प्रतिवाद. मांजराचे दात चावून बारीक करण्यासाठी नसतात, तुकडे तोडण्यासाठी असतात. त्यामुळे दाढ दुखत असताना ते दाणे अख्खे गिळून पोट भरू शकते. भूक शाबूत असणे म्हणजे तोंड निरोगी असणे नव्हे.

खरोखरच लाळ वाढते ती मळमळ, कडू औषध आणि विषारी वा दाहक पदार्थांमुळे. कडू गोळी जिभेला लागली की काही क्षणांत फेस येतो आणि थोड्या वेळात ओसरतो; त्यात काळजीचे काही नाही. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील खारघर, कामोठे, कळंबोलीसारख्या वसाहतींत मांजरे फ्लॅटमध्ये वाढतात, आणि त्यांच्या वाट्याला येणारी हिरवळ म्हणजे गॅलरीतल्या कुंड्या. तिथला डिफेनबाखिया आणि कोकणातल्या प्रत्येक परसातला अळू, दोन्हींच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावताच ते तोंडात टोचतात. पावसाळ्यात भेक तोंडात धरला तर त्याच्या कातडीतल्या विषाने अशीच लाळ सुटते. सर्वांत घातक मात्र माणसाच्या हातून होते : कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराच्या मानेवर ओतले जाते. मांजराच्या यकृताला हे रसायन पुरेशा वेगाने निकामी करता येत नाही. लाळेपाठोपाठ थरथर आणि झटके सुरू झाले, तर तातडीने पशुवैद्य गाठावा लागतो.

उकाड्याचा आक्षेपही तपासला पाहिजे. मांजर अंगावर लाळ फासून ती वाळताना थंडावा मिळवते, हे खरे. पण खाडीकाठच्या पनवेलच्या दमट मे महिन्यात लाळ लवकर वाळत नाही आणि हा उपाय तोकडा पडतो. तरीही नुसत्या उकाड्याने निरोगी मांजराची लाळ टपकत नाही. तोंड उघडून धापा टाकत लाळ गाळणारे मांजर उष्माघाताच्या वाटेवर असते.

रेबीजमध्ये गिळण्याचा मुद्दा सर्वांत उघडा पडतो. घशाचे स्नायू लुळे पडतात आणि विषाणूने भरलेली लाळ गिळता न आल्याने बाहेर येते. भारतात हा रोग मुख्यतः कुत्र्यांकडून येतो, पण मांजरही तो देऊ शकते. लसीकरण न झालेल्या, बाहेर फिरणाऱ्या मांजराचा आवाज बदलला, वागणे बिथरले आणि लाळ गळू लागली, तर काटा शोधण्यासाठी त्याच्या तोंडात बोट घालू नये. ते चावले किंवा त्याने ओरखडले असल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात लस सुरू करावी.