खासगी तलाव व बांधाची सुरक्षितता

शेतात किंवा कृषी पर्यटन केंद्रात पाणीसाठा, मत्स्यपालन वा विहारासाठी मातीचा बांध घालून केलेला लहान जलाशय. बीड जिल्ह्यातील दिंद्रुड (ता. माजलगाव) परिसरासारख्या अवर्षणप्रवण काळ्या मातीच्या भागात असा साठा मोलाचा ठरतो.

काळी माती पाणी धरते, म्हणून ती बांधाच्या गाभ्यात घालतात. बाहेरचा भराव मुरमाचा असतो. उन्हाळ्यात मात्र ही माती आकसून भेगाळते आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भेगांतून वाट काढते. बांधाच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी थोडे पाझरणे एकवेळ चालते. तेच गढूळ होऊ लागले, की आतली माती वाहून जात असल्याची खूण समजावी. बाभळीची मुळे व घुशींची बिळेही अशा वाटा तयार करतात.

सर्वांत महत्त्वाचा भाग सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी जाळी लावणे किंवा जास्त पाणी साठावे म्हणून वाळूची पोती रचणे घातक असते, कारण सांडवा अडून पाणी बांधाच्या माथ्यावरून गेल्यास मातीचा बांध तासाभरातही फुटू शकतो.

धरण सुरक्षा अधिनियम, 2021 हा 15 मीटरहून उंच आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. बहुतेक खासगी बांध त्याबाहेर राहतात. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीची पाहणी मालकालाच करावी लागते. मातीचा बांध फुटल्यास काय होते, हे तिवरेच्या घटनेत दिसले: 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून खालच्या वस्तीतील अनेकांचा बळी गेला. ते सरकारी लघुपाटबंधारे योजनेचे धरण होते; पण मातीचा खासगी बांधही तसाच फुटू शकतो.