शकुंतलेच्या रुळालगत एक फेरा



इतिहास म्हटला की किल्ले आणि तलवारी डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही ज्याबद्दल बोलणार आहोत तो इतिहास फक्त अडीच फूट रुंद आहे. शकुंतला गाडीच्या दोन रुळांमधले अंतर एवढेच. एक फाटा यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरपर्यंत, ११३ किलोमीटरचा. दुसरा मूर्तिजापूरहून दर्यापूरचे बनोसा स्टेशन, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरपर्यंत, ७६ किलोमीटरचा. २०१० नंतरच्या दशकात दोन्ही फाट्यांवरच्या गाड्या थांबल्या.

गाडी गेली, पण तिची वाट अजून शिवारात आहे. कुठे रूळ उघडे दिसतात, कुठे ते बाभळीखाली दडलेत. आमच्या बचत गटातल्या पाच-सहा जणी हाताला काम कमी असले की सकाळी या बाजूला फिरायला जातो. अंजनगाव सुर्जी आणि पथ्रोट यांच्या मधला हा भाग. जाताना रुळालगतच्या बंडीवाटेने जायचे, येताना वावरांमधल्या पांधणीने गावात उतरायचे. असा पाच-सहा किलोमीटरचा गोल फेरा होतो. सोबत मोत्या असतो, आमचा कुत्रा. या फेऱ्यात काय दिसते आणि त्यामागे कोणता इतिहास आहे, ते आज सांगतो.

आधी हे पाहू, की रेल्वे या शिवारात आलीच कशाला.

अंजनगाव सुर्जीचे नाव शाळेच्या पुस्तकात येते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह इथे झाला. त्याच्या पंधरा दिवस आधी गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला होता. पथ्रोटकडे तोंड करून चालले की डाव्या हाताला सातपुड्याची निळी रांग दिसते, तिच्यातलाच तो किल्ला. पुढे पन्नास वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. इंग्रजांचा डोळा इथल्या काळ्या मातीवर आणि तिच्यातल्या कापसावर होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडून येणारा कापूस आटला आणि विलायतेतल्या गिरण्या अडल्या. मग वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला.

१८६७ मध्ये मुंबईकडून येणारी मोठी रेल्वे नागपूरला पोचली. ती मूर्तिजापूरवरून जाते. पण अचलपूर, दर्यापूर, कारंजा, दारव्हा या बाजूचा कापूस बंडीवर लादून मोठ्या रेल्वेपर्यंत न्यावा लागे. बैल थकत, दिवस मोडत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या मुंबईतल्या इंग्रज कंपनीने ही छोटी रेल्वे उभी केली. अरुंद रुळाला जमीन कमी लागते, भराव कमी लागतो, पूल लहान चालतात. म्हणजे खर्च थोडा. कापूस गोळा करून मूर्तिजापूरला आणायचा, तिथे मोठ्या गाडीत भरायचा, मुंबईला न्यायचा आणि जहाजावर चढवायचा. एवढ्यासाठी ही वाट होती. आपल्या येण्याजाण्याचा विचार त्यात नव्हता.

फेऱ्यावर चालताना सगळ्यात आधी नजरेत येतो तो भराव. आजूबाजूची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून रूळ तिच्यावर थेट टाकता येत नाहीत. मुरूम आणून उंचवटा करायचा, त्यावर खडी पसरायची, तिच्यावर स्लीपर आणि मग रूळ. दोन्हीकडचे पावसाचे पाणी अडू नये म्हणून जागोजागी मोऱ्या ठेवायच्या. मोरी आम्हाला मोत्या दाखवतो. उन्हं चढली की तो भरावाखाली शिरतो आणि गार जागेत पसरतो.

या मुरुमाची टोपली कोणाच्या डोक्यावर होती? हिंदुस्थानात रेल्वे बांधली गेली तेव्हा ठिकठिकाणी मातीकामावर बाप्यांच्या बरोबरीने बाया राबल्या. कंपनीचे नाव कागदावर राहिले, इंजिनाचे नाव राहिले. टोपली वाहणारीचे नाव कुठे लिहिलेले नाही. रोजगार हमीच्या कामावर ज्या बाया गेल्या आहेत, त्यांना असा भराव पाहिला की त्यात किती खेपा गेल्या असतील हे सांगावे लागत नाही.

भरावावरून खाली पाहिले की पऱ्हाटीचे वावर लागते. पऱ्हाटी वेचायला वाकणारी बाईच असते. कंबरेला ओटी बांधायची, बोंडातला कापूस ओढायचा आणि किलोवर मजुरी घ्यायची. शंभर वर्षांपूर्वी शकुंतलेत भरला जाणारा कापूसही बायांच्याच हाताने वेचलेला. जिनात सरकी वेगळी करायच्या कामावरही बाया होत्या. त्याआधीच्या काळात वऱ्हाडात हाताने सूत काढायचे काम बाया करत. त्यातून घरात चार पैसे येत. विलायतेचे स्वस्त सूत आणि कापड आले, इकडचा कापूस कच्चाच बाहेर जाऊ लागला, आणि सूतकताईची ती कमाई गेली. रेल्वे आली म्हणजे प्रगती आली, असे आपण सहज म्हणतो. कोणाच्या हातातले काम आले आणि कोणाच्या हातातले गेले, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे.

आता इंजिनाचे बघू. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झाले आणि १९२३ मध्ये इथे कामाला लागले. सत्तर वर्षे त्याने गाडी ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी ते थांबले आणि डिझेलचे इंजिन आले. मँचेस्टर हे विलायतेतल्या कापड धंद्याचे मोठे केंद्र. म्हणजे कापूस ज्या मुलखाला जायचा, तो ओढून नेणारे इंजिनही त्याच मुलखातून आलेले.

त्या मुलखातल्या एका बंद रेल्वेची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. मँचेस्टरहून लंडनला जाणारी एक लाइन डर्बीशायरच्या डोंगरातून जायची. १९६८ मध्ये तिचा डोंगरातला भाग बंद झाला. रूळ उचलले गेले. १९८१ मध्ये त्याच जागेवर चालायची वाट केली गेली. तिला मॉन्सल ट्रेल म्हणतात. ती सुमारे चौदा किलोमीटर लांब आहे. २०११ मध्ये तिच्यावरचे जुने बोगदेही लोकांसाठी उघडले. आज तिथे लोक चालतात, सायकली चालवतात, कुत्री फिरवतात. विशेष म्हणजे त्या वाटेवरून क्रेसब्रुक आणि लिटन या दोन जुन्या सूतगिरण्या दिसतात. लिटनच्या गिरणीत अनाथ मुलांना कसे राबवले आणि मारले जाई, हे तिथल्याच रॉबर्ट ब्लिंको या मुलाच्या हकिकतीतून पुढे जगाला कळले. म्हणजे कापसाच्या वाटेवर इकडे वेचणारी बाई आणि तिकडे गिरणीतले पोर, दोघेही स्वस्तात राबणारे. समुद्र ओलांडला तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

पण आपल्या शकुंतलेत एक गोष्ट कंपनीच्या हिशोबाबाहेर घडली. कापसासाठी आणलेल्या गाडीत माणसे बसली आणि हळूहळू गाडी त्यांचीच झाली. गाडी ताशी वीसेक किलोमीटरने चालायची. तिकीट विकण्यापासून सिग्नल देण्यापर्यंत आणि इंजिन जोडण्या-सोडण्यापर्यंतची कामे मोजकीच माणसे करत. तिकीट एसटीपेक्षा स्वस्त. त्यामुळे जिच्या पदराला थोडेच पैसे, तिला ही गाडी परवडायची. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या सांगतात त्या आठवणींत कापसाच्या गाठी फार कमी येतात. येते ते माहेर. येतो अंजनगावचा बाजार, भाजीचे पाटे, दवाखाना, लेकीचे बाळंतपण. लेकराला गाडी दाखवायला म्हणून काढलेले एका स्टेशनाचे तिकीट येते. घरातून एकटीने निघायला तेव्हा कारण लागायचे, आणि वेळेवर परत आणून सोडणारे साधनही लागायचे. सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परतणारी गाडी असली की घरच्यांची ना कमी व्हायची.

मालकीची गोष्टही वेगळीच. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या. ही मात्र कंपनीकडे राहिली. गाडी मध्य रेल्वे चालवायची आणि वापराबद्दल कंपनीला पैसे द्यायची. त्यामुळे शकुंतला अजून इंग्रजांचीच आहे असे लोक चेष्टेने म्हणत. रूळ जुने, दुरुस्तीचा खर्च मोठा, आणि खर्च करायचा कोणी हा प्रश्न. ब्रॉडगेज करण्याची मागणी लोकांनी कितीदा केली. पण तोवर गाडी थांबलीच. ज्या वस्तूचा मालक एक, चालवणारा दुसरा आणि गरज तिसऱ्याला, तिची देखभाल मध्येच अडकते. गावातली विहीर असो की समाजमंदिर, आपल्याला हा अनुभव नवा नाही.

भरावाच्या वाटेवरून आता पांधणीला वळू. इथे संत्र्याचे बाग लागतात. रोह्यांचे खूर दिसतात, कधी रानडुकराने उकरलेली माती. मोत्या आधी थांबतो, कान टवकारतो, आणि आम्हीही थांबतो. खडीत आणि बाभळीत साप-विंचू असतात, म्हणून हातात काठी आणि पायात बंद चप्पल किंवा बूट हवेच. मेंढरांचा कळप दिसला की मोत्याला दोरी लावायची. त्याला रेबीजची लस दरवर्षी टोचून घेतो. कोणाला कुत्रे चावलेच, आपले असो की परके, तर जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. हळद-चुन्यात वेळ घालवायचा नाही.

मोत्याचा आणखी एक उपयोग आहे, तो हसून सांगतो पण खरा आहे. बाई रस्त्याने चालते तेव्हा तिच्या डोक्यावर भारा, घागर किंवा पाटी असावी लागते. रिकाम्या हाताने चालणाऱ्या बाईला चार जण विचारतात, कुठे चालल्या? आम्ही सांगतो, कुत्रा फिरवतो. मग कोणी काही बोलत नाही. कुत्र्याला मोकळी हवा लागते हे गावाला पटते. बाईलाही लागते, हे पटायला वेळ लागेल. तोवर मोत्या आहेच.

आमचे सांगणे एवढेच की वाट कोणी बांधली हा अर्धा इतिहास झाला. ती कोणी वापरली हा उरलेला अर्धा. पहिला अर्धा कंपनीच्या दप्तरात जपलेला आहे. दुसरा अर्धा आपल्या सासवा, आज्या आणि मावश्यांजवळ आहे, आणि तो दरवर्षी थोडा थोडा कमी होतो आहे. शकुंतलेने माहेरी गेलेली बाई आज सत्तरी-ऐंशीत असेल. तिचे पहिले तिकीट केवढ्याला होते, गाडीत सोबत कोण होते, गाडी चुकली तर ती काय करायची, हे तिला विचारा. गटातल्या शिकलेल्या मुलीला मोबाइलवर ते बोलणे भरून घ्यायला सांगा. तारीख आणि गावाचे नाव घालायला विसरू नका.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गाडी बंद असली तरी रूळ, स्लीपर आणि जागा आपली नाही. तिथले लोखंड उचलणे गुन्हा आहे. गाड्या चालू असलेल्या कोणत्याही रुळावर परवानगीशिवाय चालणे हाही रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाला धोका आहे. म्हणून फेरा शेजारच्या वाटेनेच करा.

या जागेचे पुढे काय होणार, ब्रॉडगेज येणार की झाडोरा वाढत राहणार, हे ठरेल तेव्हा आपल्याला विचारले गेले पाहिजे. गाडी पुन्हा यावी ही मागणी आहेच. पण ग्रामसभेत विषय निघेल तेव्हा एवढे तरी सांगा, की ही पट्टी कोणी वावरात ओढून घेऊ नये, मोऱ्या बुजू नयेत, आणि लगतची पायवाट सगळ्यांसाठी उघडी राहावी. अडीच फुटांच्या रुळाने आपल्या माय-मावश्यांना घराबाहेरचे जग दाखवले. त्या रुळालगत आपल्याला चालायला दोन-चार फूट जागा राहावी, ही मागणी काही मोठी नाही. तुमच्या गावाजवळही अशी एखादी बंद पडलेली वाट, पडका पूल किंवा जुने स्टेशन असेल. तिथे गटाने एकदा फेरा मारून या आणि काय सापडले ते आम्हाला कळवा.