चांगलाच असणार तो!

परवा इथे इंद्रलोकात नातीबरोबर टीव्हीवर सिनेमाचे पुरस्कार बघत होते. तिचा आवडता सिनेमा हरला आणि पोरगी जेवेना. मला आमचे अण्णा आठवले.

राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले १९५४ साली. पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला! अण्णांनी चाळीत पेढे वाटले होते, असं आई सांगायची. पुढे दर वर्षी ते पेपरात मराठी नाव शोधत. पहिला मात्र कधी बंगाली, कधी मल्याळी, कधी हिंदी. "चांगलाच असणार तो," म्हणत पेपराची घडी घालत. १९९८ साली ते गेले.

२००४ मध्ये संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला सुवर्णकमळ मिळालं. तब्बल पन्नास वर्षांनी! मी पेढे आणून अण्णांच्या फोटोपुढे ठेवले. ऑस्करसाठी वर्गणी निघाली, तीही दिली. नामांकन हुकलं तेव्हा मात्र रात्रभर चडफडले. अण्णांचं वाक्य काही तोंडून निघेना. त्या वर्षीचा विजेता, स्पॅनिश 'द सी इनसाइड', पुढे कधीतरी पाहिला. अंथरुणाला खिळलेल्या, स्वतःचं मरण मागणाऱ्या माणसाची गोष्ट. डोळे पुसले आणि मनात म्हटलं, अण्णा, चांगलाच होता हो.

नातीला एवढंच सांगितलं, "जिंकलेला आधी बघूया, मग रूस." असो. जेवली एकदाची!